आज कोण आलं न्हाय?

सोमवार, जानेवारीतला दुसरा आठवडा. स्थळ: बारामतीतलं आमचं ऑफिस, ठिबकच्या नळ्यांच्या दुकानावरचा मजला. हजर: तात्या, प्रणिता, इंदापूरच्या डायलिसिस केंद्रातल्या सुरेखा सिस्टर आणि मी. गैरहजर: कोणी नाही. विषय: केंद्रातल्या पेशंटांच्या पाळ्या लावणारा नवा प्रोग्राम कशात बांधायचा. निर्णय: जुन्यात.

मीटिंगची अशी टिपणं ठेवायची मला सवय आहे. ही मीटिंग होऊन काही वर्षं झाली. त्या प्रोग्रामच्या यादीत पुढे तात्यांचंच नाव येईल, सोमवार आणि गुरुवार, मशीन क्रमांक तीन, आणि तो नीट चालतो की नाही यावर त्यांचा श्वास टिकून राहील, हे त्या टेबलाशी बसलेल्या कोणाच्या मनात येणं शक्य नव्हतं. तात्यांच्या आलं असेल. त्यांच्या मनात काहीही यायचं.

तात्या म्हणजे आमच्या ऑफिसचे मालक. मूळचे शेळगावचे, इंदापूर तालुक्यातले. खरं नाव लिहीत नाही, कारण त्या नावानं त्यांना कोणी ओळखणार नाही. दूध संकलन केंद्रं, द्राक्षांची पॅकहाउस, रक्त तपासायच्या लॅब, उपसा सिंचनाच्या संस्था यांना लागणारे प्रोग्राम आम्ही करून देतो. गिऱ्हाइकं, वेळापत्रक आणि याद्या माझ्याकडे. म्हणून तात्या मला यादीबाई म्हणायचे. प्रणिता कन्हेरीची, वडील वांगी-दोडक्याचे बागायतदार, स्वतः इंजिनियर. कोड लिहायचं काम तिचं आणि तात्यांचं.

मला आयुष्यात भेटलेला सगळ्यात भित्रा माणूस म्हणजे तात्या. पण त्यांच्या भीतीला शिस्त होती. पहिला नियम दोन पावसाळ्यांचा. कोणतीही नवी गोष्ट दोन पावसाळे जाईपर्यंत वापरायची नाही. नवा रस्ता झाला की तात्या दोन वर्षं जुन्या रस्त्यानं जाणार. नवी चप्पल आणली की आधी महिनोन् महिने घरातल्या घरात घालणार. हॉटेलात फळ्यावर नवा पदार्थ दिसला तर पोऱ्याला विचारणार, "हे कवापासनं करता?" आणि उत्तर काहीही आलं तरी मिसळच मागवणार. इमारतीच्या लिफ्टमध्ये आधी जेवणाचा डबा ठेवून तो एकटाच वर पाठवायचे आणि स्वतः जिन्यानं चढायचे. डबा वर सुखरूप पोचलेला दिसला तरी खाली उतरताना जिनाच.

"मुरलंय का?" हा त्यांचा प्रश्न. लोणच्याला, रस्त्याला, जावयाला आणि प्रोग्रामला एकच.

दुसरा नियम असा की ऑफिसात 'झालं' हा शब्द काढायचा नाही. मी यादीत एखाद्या कामापुढे टिक केली की ते मागून येऊन बघत उभे राहायचे.

"टिक कशाची?"

"लॅबचं काम झालं ना, तात्या."

"झालं म्हनू नगा, यादीबाई. सध्या चालतंय, म्हना."

आमचा सर्व्हर, म्हणजे सगळे प्रोग्राम जिथून चालतात तो मोठा कॉम्प्युटर, ऑफिसातच कोपऱ्यातल्या खोलीत आहे. तात्या सकाळी आल्या आल्या, पाणीही प्यायच्या आधी, त्या पेटीवर तळहात ठेवायचे. आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग बाहेर येऊन म्हणायचे, "ताप न्हाय." त्यानंतर आमचा दिवस सुरू व्हायचा. नवीन माणसं हसायची. मीही हसायचे. पण तात्या कधी गावाला गेले असले की त्या खोलीच्या दारावरून जाताना माझाही हात आपोआप पेटीकडे जायचा.

आता निर्णयाबद्दल. वेबवर चालणारा प्रोग्राम कोणी अगदी पायापासून लिहीत नाही. आधी एक तयार सांगाडा घेतात, त्याला फ्रेमवर्क म्हणतात, आणि त्यात आपल्या कामाच्या भिंती भरतात. असे सांगाडे दरवर्षी नवे निघतात. तात्यांनी धरलेला एकच, फार जुना. त्याचं नाव सांगून उपयोग नाही, हल्ली तो कोणी शिकत नाही. तात्या त्याला 'थोरली' म्हणायचे. घरातल्या थोरल्या लेकीबद्दल बोलावं तसं. "थोरलीत घ्या", "थोरलीला विचारा", "थोरली असं करत न्हाय."

त्या सोमवारी प्रणिता तयारीनं आली होती.

"तात्या, थोरली आता म्हातारी झाली. बनवणाऱ्यांनीच सांगितलंय की अजून थोडी वर्षं दुरुस्त्या देऊ, मग बंद."

"म्हातारी म्हनजे काय? माळेगावच्या कारखान्याला अजून बैलगाडीनं ऊस येतोय का न्हाय?"

"येतो. पण उद्या नवा कारखाना काढला तर तुम्ही गाड्याच जुंपाल का?"

सुरेखा सिस्टर खुदकन हसल्या. तात्या हसले नाहीत.

"बैल कुठं बुजतो हे गाडीवानाला ठावं असतंय. तुझं ते नवं कुठं बुजतंय, सांग."

"अजून कुठंच बुजलेलं नाही."

"मग भ्यायचं ते त्यालाच की गं पोरी!"

प्रणितानं पेन खाली ठेवलं. "बरं. दुरुस्त्या बंद झाल्यावर थोरलीत भोक सापडलं, तर बुजवणार कोण?"

"मी हाय की."

"आणि तुम्ही नसाल तेव्हा?"

खालच्या दुकानात कोणीतरी नळीचं वेटोळं टाकल्याचा आवाज आला. तात्या माझ्याकडे वळून म्हणाले, "एवढं टिपू नगा, यादीबाई."

मी टिपलं नाही.

सिस्टर म्हणाल्या, "मला तुमच्यातलं काय कळत नाही. पेशंटाचं मात्र एवढंच कळतं, आठवड्याच्या दोन पाळ्या म्हणजे दोनच. त्यातली एक गेली की अंगात पाणी साठतं, आणि दुसरी गेली की ते छातीत चढतं. एवढं सांभाळा."

"पाळ्यांचंच काम थोरलीत तयार हाय," तात्या म्हणाले. "उपशाच्या पाण्याच्या पाळ्या लावतोय तो प्रोग्राम. दहा वर्षं चालतोय. मुरलेला. खातेदाराच्या जागी पेशंट घालायचा, चारीच्या जागी मशीन. पाळी ती पाळी!"

'पाळी ती पाळी' याला मात्र कोणी हरकत घेतली नाही. प्रणितानंही नाही. आमच्या भागात कालव्याच्या पाण्याची पाळी माहीत नाही असा माणूस नाही. ते सगळ्यांना पटलं, कारण ते सगळ्यांच्या घरचं होतं.

पहिले काही आठवडे उत्तम गेले. एकदा केंद्रातलं एक मशीन दुरुस्तीला काढलं तेव्हा सिस्टरांच्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'चारी क्रमांक तीन बंद आहे. खातेदारांनी नोंद घ्यावी.' सिस्टरांनी फोटो काढून मला पाठवला आणि फोनवर पोट धरून हसल्या. "मॅडम, आमच्या खातेदारांना आता पाट फोडायला सांगू का?" चारी म्हणजे कालव्यापासून शेतापर्यंत पाणी नेणारा लहान पाट. जुन्या प्रोग्राममधला तो शब्द बदलायचा राहून गेला होता. तात्यांनी तो बदलला. मी यादीत 'चारीचं मशीन करणे' लिहून पुढे 'सध्या चालतंय' असं लिहिलं. दिवसभर ऑफिसात सगळे एकमेकांना खातेदार म्हणत होते.

त्यानंतरच्या महिन्यातली एक सकाळ. सिस्टरांचा फोन प्रिंटरसाठी होता. कागद अडकत होता. मी तो कसा काढायचा ते सांगितलं आणि बोलता बोलता त्या म्हणाल्या, "आज नावं जरा बदललीत. शेळगावच्या मावशी नाहीत ना यादीत. गेल्या गुरुवारी पण नव्हत्या आल्या, भावाचा दहावा होता म्हणे. मधे बारामतीला करून घेतलं असेल."

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. तात्या पलीकडच्या खुर्चीत शेंगा सोलत बसले होते. त्यांचा हात थांबला.

"काय म्हनल्या? कोण आलं न्हाय?"

"शेळगावच्या मावशी. गुरुवारची पाळी चुकली त्यांची."

"आनि आज सोमवार. आज यादीत न्हाईत?"

"नाहीत."

तात्या उठले. शेंगांची परात उलटली. त्यांचा चेहरा असा झाला की मी घाबरून त्यांच्यासाठी पाणी आणायला वळले. त्यांनी माझा दंड धरला. "गाडी. गाडी कुणाची हाय?"

गाडी प्रणिताची होती, नुकतीच घेतलेली, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. तात्या 'मुरलंय का' न विचारता त्या गाडीत बसले. शेळगावच्या रस्त्याला लागेपर्यंत ते प्लॅस्टिक त्यांच्याखाली करकरत होतं आणि ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. "पान्याचा नियम हाय त्यो. पान्याचा."

मला कळायला थोडा वेळ लागला. उपशाच्या पाण्यात नियम असा की ज्याची पाळी चुकली तो शेवटी. त्याच्या मागचे सगळे एक एक पुढे सरकतात आणि त्याचा नंबर फेरी संपल्यावर लागतो. शेतात हा नियम रास्त आहे. नाहीतर एकाच्या हलगर्जीनं सगळ्यांची पिकं वाळतील. तो नियम थोरलीच्या पोटात होता आणि प्रोग्रामबरोबर तो इंदापूरला गेला होता. मावशी भावाच्या दहाव्याला गेल्या, पाळी चुकली, आणि प्रोग्रामनं त्यांना यादीच्या तळाशी नेऊन ठेवलं. त्यांच्या सोमवारच्या जागी दुसरं नाव घातलं. मावशींच्या मोबाइलवर मेसेजही पाठवला, पुढच्या आठवड्यातली तारीख घालून.

मावशी ओसरीवर खाटेवर बसल्या होत्या. पडता येत नव्हतं, पडलं की जीव घुसमटायचा. उशांचा ढीग करून त्यावर पुढे वाकल्या होत्या. डोळे सुजून बारीक झाले होते. सून परड्यातून धावत आली.

"अहो मावशी, फोन तरी करायचा!" मी म्हणाले.

त्यांनी एका एका शब्दाला दम घेतला. "मोबाइलनं... सांगितलं... फुडल्या आठवड्यात... तुमचा नंबर." मग तात्यांकडे बघून, गावातला माणूस ओळखून, कसनुसं हसल्या. "दुसऱ्याच्या पाळीत... कसं घुसायचं... तात्या?"

तात्यांनी तोंड फिरवलं. त्या बाईनं आयुष्यभर पाण्याची पाळी पाळली होती. दुसऱ्याच्या पाण्यावर हक्क सांगायचा नाही हे तिच्या हाडात होतं. आमच्या प्रोग्रामची चूक तिला चूक वाटलीच नाही.

इंदापूरपर्यंत मी मागच्या सीटवर त्यांना धरून बसले होते. त्यांच्या छातीतून येणारा तो आवाज, बुडबुड्यांसारखा, मला अजून कधी कधी नळ गळताना ऐकू येतो. सिस्टरांनी मशीन मोकळं करून ठेवलं होतं. मावशी वाचल्या. आजही येतात. मला दर वेळी विचारतात, तुमची ती पोरगी अजून गाडी तेवढीच जोरात हाकते का.

तात्यांनी त्याच दिवशी, केंद्रातल्याच एका खुर्चीत बसून, तो नियम काढला. थोरलीत नेमकं कुठे हात घालायचा हे त्यांना पाठ होतं. प्रणिता नंतर मला म्हणाली, "नव्यात मला शोधायला दोन दिवस लागले असते." आणि जरा थांबून, "पण नव्यात तो नियम आलाच नसता." दोन्ही खरं होतं.

परत येताना तात्या म्हणाले, "मुरलंय, मुरलंय म्हनून मी नाचत हुतो. पानी मुरलं हुतं त्यात, यादीबाई."

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा फोन सुरू झाला. सकाळी सर्व्हरवर हात ठेवायचा, ताप नाही म्हणायचं आणि लगेच इंदापूरला फोन लावायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकच वाक्य.

"आज कोण आलं न्हाय?"

सिस्टर नावं सांगायच्या. कोणी लग्नाला गेलेलं, कोणाची एसटी चुकलेली. तात्या एकेकाला स्वतः फोन करायचे. "उद्या या. मधी घालतो तुमाला. व्हय, घालतो म्हनलं ना." नियम काढून टाकलाय, प्रोग्राम आता बरोबर चालतोय, मी स्वतः तपासलंय, असं प्रणितानं त्यांना कितीदा सांगितलं. ते म्हणायचे, "सध्या चालतंय." रविवार सोडला तर एक दिवसही चुकवला नाही. दिवाळीच्या पाडव्यालाही नाही, कारण पाडव्यालाही मशीन चालू असतात.

पुढे थोरलीच्या दुरुस्त्या खरंच बंद झाल्या. बनवणाऱ्यांनी तसं जाहीर केलं आणि दुकानाला कुलूप लावावं तसं निघून गेले. प्रणितानं मला त्याचा अर्थ सोपा करून सांगितला: यापुढे तिच्यात भोक सापडलं तर ते जगाला कळेल, पण बुजवायला कोणी येणार नाही.

मग एका सकाळी प्रणितानं आम्हाला दोघांना कोपऱ्यातल्या खोलीत बोलावलं. पडद्यावर ओळींमागून ओळी सरकत होत्या. "हे बघा. बाहेरून कोणीतरी एक एक दार ढकलून बघतंय. कुठलं उघडं आहे ते."

"कोण?" मी विचारलं.

"कोणी माणूस नसतो, मॅडम. यंत्रं असतात. जुनं काही दिसलं की वास काढत येतात. दार सापडलं तर सगळं कुलूपबंद करतील. पाळ्या, नावं, सगळं."

"आनि मग पेशंट?"

"कोणाची पाळी कधी, कोणालाच कळणार नाही."

तात्यांनी सर्व्हरवर तळहात ठेवला. "ताप न्हाय," ते म्हणाले. पण त्यांनी हात बराच वेळ उचलला नाही. ओळी सरकत होत्या. मला आमच्या मळ्यातल्या घराची कडी आठवली, वाऱ्यानं वाजायची आणि दर वेळी वाटायचं की बाहेर कोणीतरी उभं आहे. इथे खरंच उभं होतं.

त्यानंतर तरी ते बदलायला तयार होतील असं मला वाटलं. झाले नाहीत. दिवसभर तिथेच बसून भोकं बुजवायचे, सापडतील तेवढी. घरी उशिरा जायचे. तोंडावर सूज दिसायची, मला वाटलं जागरण. मग एक दिवस म्हणाले, "यादीबाई, चप्पल आवळायला लागलीया. एवढी मुरलेली चप्पल, आनि आवळतीया! कातडं आखडलं का काय." मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पाय फुगून वर आले होते. घोट्यावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. ते मावशींच्या पायांवर मी पाहिलं होतं.

तात्यांनीही पाहिलं होतं. दोघांनाही माहीत होतं की आता कुठे जावं लागणार.

बारामतीत सोय असताना त्यांनी इंदापूरच धरलं. शेळगावच्या घरी राहायला गेले. ऑफिसचं काम प्रणितावर आणि माझ्यावर टाकलं, आणि स्वतः आपल्याच प्रोग्रामच्या यादीत गेले. पहिल्या दिवशी सिस्टर थट्टेनं म्हणाल्या, "या खातेदार." तात्या म्हणाले, "चारी क्रमांक तीनच द्या मला." बाकीचे पेशंट रक्ताच्या नळ्या दिसू नयेत म्हणून मान वळवून दुसरीकडे बघत बसतात. तात्या चार तास सिस्टरांच्या पडद्याकडे बघत बसायचे.

त्यांच्या पाळीच्या दिवशी फोन कोणी करायचा? ते खुर्चीतून करू शकले असते, पण म्हणाले, "आत बसलेल्यानं इचारून काय उपेग? भाईरच्यानं इचारलं पायजे." तेव्हापासून सोमवारी आणि गुरुवारी मी करते.

एका गुरुवारी मी त्यांना भेटायला इंदापूरला गेले. रक्ताच्या नळ्या हातातून मशीनकडे जात होत्या. ते सिस्टरांच्या पडद्याकडे बघत होते. मग म्हणाले, "हितनं येगळं दिसतंय, यादीबाई."

"काय?"

"ऑफिसात बसून नव्याचं भ्या वाटायचं. हितं बसलो की जुन्याचं वाटतंय." त्यांनी पडद्याकडे हनुवटी केली. "कोण दार ढकलतंय का, तेवढंच बघत असतो. उद्या ह्या सगळ्या माणसांची नावं गेली म्हंजे? ती मावशी बघा. ती न इचारता घरी बसून ऱ्हाईल."

"मग बदलू या ना, तात्या."

"बदला. पोरीला सांगा. फकस्त एक करा. चुकलेली पाळी आधी बांधा. बाकी समदं मागनं."

प्रणितानं तसंच केलं. नव्या सांगाड्यात पहिल्यांदा तेवढंच बांधलं: माणूस वेळेवर आला नाही तर अर्ध्या तासानं सिस्टरांच्या पडद्यावर लाल खूण, माझ्या फोनवर घंटा, आणि पेशंटला फोन, तो उचलेपर्यंत पुन्हा पुन्हा. मग बाकीचं. खोटे पेशंट घालून आम्ही दोघींनी सगळं तपासलं. खोटी माणसं लग्नाला पाठवली, खोट्या एसट्या चुकवल्या. प्रत्येक वेळी घंटा वाजली.

तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "खोट्या माणसाला धाप लागत न्हाय."

"म्हणजे काय करायचं?"

"काय न्हाय. चालू द्या."

रविवारी केंद्र बंद असतं. त्या दिवशी पाळ्या थोरलीतून नव्यात नेल्या. सोमवारी मी सकाळपासून फोन समोर ठेवून बसले होते. वेळ झाल्यावर इंदापूरला लावला.

"सिस्टर, आज कोण आलं नाही?"

"थांबा हं." मग नेहमीपेक्षा जास्त वेळ. "मॅडम, तात्या नाही आले."

शेळगावला फोन केला तर घरचे म्हणाले, ते तर केव्हाच निघालेत, एसटीनं. मी त्यांना लावला. फोन वाजत राहिला, उचलला नाही. शनिवारी फोनवर बोलतानाच त्यांना धाप लागत होती, ती आठवली. रस्त्यात कुठे उतरले असतील, कुठे बसले असतील, बसलेत की पडलेत. प्रणितानं गाडीची किल्ली हातात घेतली आणि ती जिन्यापर्यंत पोचली, तेवढ्यात माझा फोन घणघणला. नव्या प्रोग्रामची घंटा. लाल अक्षरांत तात्यांचं नाव. ते नाव तसं पाहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं की आम्ही काय बांधलं होतं.

लगेच सिस्टरांचा फोन. ओरडतच होत्या.

"मॅडम, सापडले! समोर चहाच्या टपरीवर बसलेत! फोन हातात धरलाय, वाजतोय, आणि उचलत नाहीत!"

फोन तसाच चालू ठेवून त्या रस्ता ओलांडत होत्या. "ओ तात्या, काय चाललंय हे? ओठ बघा तुमचे, निळे पडलेत! आत चला!"

आणि तात्यांचा, शब्दागणिक दम घेत. "वाजू द्या, सिस्टर... पुन्ना वाजतोय का... बघतोय."

त्यांना मशीनवर घेतल्यावर सिस्टरांनी फोन त्यांच्या कानाला लावून दिला. मी रागानं ओरडले. "तात्या, हे काय केलंत? तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?"

"मग कळलं असतं, चालत न्हाय म्हनून."

मग तेच म्हणाले, "यादीबाई, थोरलीला लगेच घराभाईर काढू नगा. दोन पावसाळे जाऊ द्या."

थोरली अजून कोपऱ्यातल्या खोलीत चालू आहे. बाहेरच्या जगाकडे जाणारी तार काढून टाकलीय, त्यामुळे आता तिचं दार ढकलायला कोणी येत नाही. पाळ्या दोन्हीकडे भरतो. सकाळी पेटीवर हात ठेवायचा, मग जुनी यादी आणि नवी यादी शेजारी ठेवून नावं जुळवायची, हे काम माझं. अजूनपर्यंत जुळली आहेत. प्रणिता अधूनमधून विचारते, "मॅडम, आता बंद करू या का?" मी म्हणते, बघू.

एक पावसाळा गेला. तात्यांची चाल त्यानंतर फार मंदावली आहे, टपरीवरून केंद्राच्या दारापर्यंत येताना मध्ये एकदा थांबतात. दुसरा पावसाळा तोंडावर आला आहे. तो जावा असं मला वाटत नाही, आणि तात्या असताना जावा असंही वाटतं.

सोमवारी आणि गुरुवारी मी इंदापूरला फोन लावते. विचारते. सिस्टर यादीवरून नजर फिरवतात, तेवढा वेळ पलीकडून मशीनांचा आवाज येत राहतो. "सगळे आलेत," त्या म्हणतात. मी फोन ठेवते.

माझ्या यादीत नवा प्रोग्राम बसवला त्या वर्षातली सगळी कामं संपली आहेत. एकच ओळ राहिली आहे: थोरली बंद करणे.